हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या काउंटरसमोर पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला! समोरचे आजोबा आपल्या पायांवर उभे आहेत आणि सही करताना पेन हलते आहे, एवढे दिसले की आम्ही शिक्का मारून मोकळे. ब्लडप्रेशर विचारायची आमच्यात पद्धत नाही. पुलांनाही आपल्याकडे पुष्कळदा असाच दाखला मिळतो. उभा आहे ना? मग धडधाकट आहे!

आता मुंबई-गोवा हमरस्ताच घ्या. (जुना नंबर 17, हल्लीचा 66. नंबर बदलला, खड्ड्यांनी मात्र घर सोडलेले नाही.) पणजीला मांडवीवर 1970 साली नेहरू पूल झाला. त्याआधी फेरीबोटीची वाट पाहत ताटकळायचे, तेव्हा पुलाचे कौतुक किती झाले असेल बघा. त्या पुलाने 5 जुलै 1986 रोजी अंग टाकले. वार शनिवार, म्हणजे बँकांचा तेव्हाचा अर्धा दिवस. पुलाचे वय अवघे 16. अहो, घरकर्जाची मुदतसुद्धा याहून लांब असते!

दुखणे पोटात होते. काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला अगदीच नाजूक. म्हणून प्रीस्ट्रेस्ड बांधकामात त्याच्या पोटातून पोलादी तारा ओवतात, करकचून ताणतात आणि टोकांना पक्क्या अडकवून टाकतात. तारा आखडू बघतात आणि काँक्रीट कायम दाबाखाली राहते. युक्ती झकास आहे. फक्त तारांभोवतीची नळी सिमेंटच्या लगद्याने गच्च भरायला हवी. ती कुठे पोकळ राहिली, की खाडीची खारी हवा आत शिरते आणि ताणलेली तार गंजू लागते. बाहेरून पूल गुळगुळीत! साधा सळयांचा पूल निदान भेगा पाडून कुरकुर तरी करतो. ही तार तुटेपर्यंत तोंड उघडत नाही. (बुडीत कर्जेही याच स्वभावाची. कागदपत्रे नेहमी सुरेख.) मांडवीच्या पुलाला हाच गंज भोवला. पुढे 1992 साली नवा पूल होईपर्यंत राजधानी पुन्हा फेरीबोटींच्या दारात उभी राहिली.

गंमत म्हणजे त्याच पणजीत रायबंदरच्या वाटेवर, लिन्यारिसचा काउंट या पोर्तुगीज व्हाइसरॉयने 1633-34 मध्ये मिठागरांतून बांधलेला तीनेक किलोमीटरचा दगडी पूल आहे. त्यावरून आजही मोटारी धावतात. दरसाल 2 टक्के सरळ घसारा धरला, तर संभाजीराजे गोव्यावर चालून गेले त्या सुमारासच त्याची खातेवहीतली किंमत शून्य झाली. पोटात तारच नाही, गंजणार काय?

पण लगेच ‘जुने ते सोने’ म्हणू नका. याच हमरस्त्यावर महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल होता, 1928 सालचा. मे 2016 मध्ये त्याची तपासणी झाली आणि वाहतुकीला धोका नाही असे ठरले. मे महिन्यात कोकणातली नदी गरीब गाय असते. पुलाच्या पायाखालची माती-वाळू ओढून नेण्याचे काम ती जुलै-ऑगस्टमध्ये करते. 2 ऑगस्टच्या रात्री सावित्रीला पूर आला आणि पूल गेला. अंधारात दोन एसटी गाड्या आणि काही मोटारी त्या खिंडारात गेल्या. त्या एसटीत बसलेल्यांनी तिकिटे काढली होती, सुटे पैसे मोजून घेतले होते. पुढे पूल नाही, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नवा पूल 165 दिवसांत झाला आणि जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. इतकी घाई आपल्याला करता येते तर! आता त्यावर एसटी आली, की खिडकीजवळच्या बायका नदीला हात जोडतात आणि एखादे नाणे टाकतात. पावती मिळत नाही. तरी मीही टाकतो.