अडीच फुटी मालकी

मालकी म्हणजे काय, याविषयी जगात दोनच पक्ष आहेत. एक सातबाराच्या उताऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचा आणि दुसरा आमच्या सुभेदाराचा. सुभेदार हा आमचा कुत्रा. त्याची आई औरंगाबादच्या छावणीतली. वडिलांविषयी छावणीत एकवाक्यता नाही. त्याच्या मते ज्या खांबाशी आपण तंगडी वर केली तो खांब आपला. तलाठी नको, फेरफार नको, स्टँपपेपर नको. फक्त रोज जाऊन हक्काचं नूतनीकरण करायचं. चार दिवस गेला नाहीत की खांब दुसऱ्याचा. हा कायदा सुशिक्षित माणसाला रानटी वाटतो. पण २०२२ च्या दिवाळीनंतर वऱ्हाडातल्या एका बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांवरून आम्ही दोघं चालून आलो, आणि तेव्हापासून मी त्या कायद्याकडे जरा आदरानं पाहतो.

आता कुत्र्याला फिरवायला वऱ्हाडात कशाला, औरंगाबादेत (२०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) रूळ नाहीत का, असं कुणी विचारील. आहेत. पण त्यांवरून गाड्या जातात, आणि सुभेदाराला स्पर्धा आवडत नाही. आमची रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाड ते सिकंदराबाद, मीटरगेज. निजामाच्या राज्यातल्या त्या रेल्वे कंपनीचं नाव मोठं प्रामाणिक होतं: निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. यातलं 'गॅरंटीड' हे गाडी वेळेवर येण्याबद्दल नव्हे. भांडवल विलायतेतलं आणि त्यावरच्या व्याजाची हमी निजामाची! गाडी भरून गेली काय नि रिकामी गेली काय, भागीदारांना व्याज पोचतं करायचं. लग्नात मुलाकडच्यांची जशी सोय बघतात तशी ही भागीदारांची सोय. पुढं १९३० साली निजाम सरकारनं कंपनीला पैसे मोजले आणि रेल्वे आपल्या नावावर करून घेतली. निजामाच्या काटकसरीबद्दल आमच्या शहरात अजून गोष्टी सांगतात, पण हा एक व्यवहार त्यानं चोख केला. त्यामुळंच की काय, १९९० च्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज घालताना 'मालकाला विचारलं का?' असा प्रश्न कुणाला पडला नाही.

तसा प्रश्न जिला पडला, ती रेल्वे आमच्या ताईच्या गावावरून जाते. खरं म्हणजे जायची.

ताई दिली आहे अंजनगाव-सुर्जीला. म्हणजे शाळेत ज्या गावानं आपले दोन मार्क खाल्ले ते. "दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी ____ येथे तह केला." त्या रिकाम्या जागेत चाळीस वर्षांपूर्वी ताई जाऊन पडली. औरंगाबादहून तिच्याकडं जायचं म्हणजे आर्थर वेलस्लीच्या मागोमाग जायचं. या वेलस्लीनं २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या शेजारच्या असईला लढाई मारली, २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावला दुसरी, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, आणि ३० डिसेंबरला अंजनगावात शिंद्यांची सही घेतली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. त्याला या कामाला तीन महिने लागले, आम्हाला आठ तास. त्यात सुभेदाराचे खांब धरलेले आहेत.

तहात शिंद्यांनी दिल्ली सोडली, आग्रा सोडलं, गंगायमुनांमधला दुआब सोडला, भडोच आणि अहमदनगर सोडलं. शिवाय अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा आपला मुलूख सोडला, त्यात जालना होतं. म्हणजे आमच्या शेजारच्या जालन्याचा मालक कोण, हे पानमळ्यांच्या या गावात ठरलं. जालनेकरांना कुणी विचारल्याचं तहात दिसत नाही.

वऱ्हाडच्या मालकीची कथा तर याहून वरताण. वऱ्हाड निजामाचं; पण १८५३ मध्ये ते फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडं गेलं, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. कायमचा भाडेकरू म्हणजे काय, हे ज्यांनी पुण्यामुंबईत वाडे भाड्यानं दिले त्यांना सांगायला नको. घरमालकाची समजूत काढण्यासाठी पुढं १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. घर भाडेकरूकडं, दारावरची पाटी मालकाची.

अशा या मुलखात इंग्रजांना हवा होता कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरच्या गिरण्यांची कपाशी अडली, तेव्हापासून वऱ्हाडच्या काळ्या मातीवर त्यांचा जीव जडला होता. मुंबईहून नागपूरकडं जाणारी मोठी लाईन मूर्तिजापुरावरून गेली. तिथवर आतल्या गावांचा कापूस आणायला विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत दोन चिमुकले फाटे निघाले. एक यवतमाळला, एकशे तेरा किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, साधारण शहात्तर किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, कंपनीची व्यवस्था मुंबईच्या किलिक-निक्सनकडं आणि गाडी चालवायची जी. आय. पी. रेल्वेनं. एका गाडीला तीन धनी. लोकांनी तिला नाव ठेवलं शकुंतला. कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला भविष्य कळत असावं. ओळखीचा कागद वेळेवर सापडला नाही तर कशी दशा होते, ते कालिदासाच्या शकुंतलेला विचारावं.

या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरचं. ते एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं, मग डिझेल आलं. माझे भाऊजी म्हणजे ताईचे यजमान निवृत्त शाळामास्तर. उभी हयात दर्यापूरच्या शाळेत या गाडीनं गेले. ते सांगतात, फाटक आलं की गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबे, माणूस फाटक उघडून धावत येऊन चढे. तिकिटं गार्डच फाडी. इंजिन सोडणं, जोडणं, सगळं त्याच चार-सहा माणसांनी. "यष्टीपेक्षा हळू जायची, पण यष्टीपेक्षा कमी पैशात जायची," भाऊजी म्हणाले, "आणि मास्तराला घाई कुठं असते?"

सकाळी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आम्हाला नकाशा काढून दिला. त्यांची अट एकच: गेल्या वाटेनं परत यायचं नाही. रेल्वे जाते त्याच वाटेनं येते, माणसानं गोल यावं. देवळाला सुद्धा आपण प्रदक्षिणा घालतो, शटल मारत नाही. तेव्हा स्टेशनावरून रूळ धरायचे, पथ्रोटच्या दिशेनं फाटकापर्यंत जायचं, तिथं रूळ सोडून पांदणीनं पानमळ्यांकडं वळायचं आणि एस.टी. स्टँडावरून घरी. ताईनं सुभेदाराच्या गळ्यात स्वतःच्या हातानं साखळी घातली आणि मला बजावलं, "त्याला सोडू नकोस, हरवशील." कोण हरवेल हे तिनं मोघम ठेवलं.

रुळांमधून चालणं ही साधी गोष्ट नाही. स्लीपरांमधलं अंतर एका पावलाला कमी आणि दोन पावलांना जास्त. माणूस चालत नाही, काहीतरी विसरल्यासारखा अडखळत राहतो. सुभेदाराला मात्र ते अंतर मापून घेतल्यासारखं बसलं. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दोन्ही बाजूंना तूर आणि वेचणीला आलेली कपाशी, मधेमधे संत्र्याचे बगीचे. रुळांवर गाजरगवत, रुई, कुठं हातभर बाभळी. आणि लोखंडी पाट्या! मैलाचे दगड, पुलांचे आकडे, एक वाकलेला खांब. शंभर वर्षं कुणा कुत्र्यानं इतक्या निवांतपणे अचलपूर शाखेचा ताबा घेतला नसेल. पहिल्या अर्ध्या मैलात त्यानं कंपनीची सात ठिकाणं आपल्या नावावर केली. पुढं पुढं नुसतीच तंगडी वर होई. साठा संपला तरी दावा चालू.

फाटकाच्या अलीकडं रुळांवर बकऱ्या बसल्या होत्या, आणि एका रुळावर डोईला पांढरं फडकं गुंडाळलेले एक बाबा. बकऱ्यांनी सुभेदाराकडं पाहिलं, सुभेदारानं दुसरीकडं पाहिलं.

"कुठले व्हय तुमी?"

"औरंगाबादचे."

"आन् हे कुत्रं?"

"तेही तिकडचंच."

"मंग एवढ्या दुरून रूळ पाहाले आले? आमी तं रोज पाहतो."

मी गाडी बंद होऊन किती वर्षं झाली ते विचारलं. बाबांना 'बंद' हा शब्द आवडला नाही. "बंद कोन म्हनते? उद्या येते म्हने. ते उद्या आला नाई अजून, एवढंच." मग आपण होऊन सांगू लागले. पूर्वी गाडीनं पानाच्या टोपल्या न्यायचे. अंजनगावची पानं आणि पानपिंपळी लांबलांब जाते. टोपल्या गेल्या, ट्रक आले, त्याचं त्यांना फारसं नव्हतं. "बायकोले मूर्तिजापुराच्या दवाखान्यात नेत होतो महिन्याले एक डाव. गाडीत पाय पसरून निजे थे. आता यष्टी हाये, पन यष्टीत तिले मळमळते. मंग नाई जात."

"मग औषधाचं?"

"होते तवा होते."

यावर बोलायला काही सुचेना. सुभेदार बकऱ्यांपासून योग्य अंतरावर बसला. थोड्या वेळानं बाबांनीच विचारलं, "तुमी शिकलेले दिसता. हे लाईन कोनाची हाय? कोनी म्हनते इंग्रजाची, कोनी म्हनते सरकारची."

मी सांगितलं ते असं. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. तिच्यात इंग्रजी जी. आय. पी. आली, शिंद्यांची संस्थानी रेल्वे आली, निजामाची रेल्वेही आली. १८०३ च्या तहाशी ज्यांचा संबंध, ती सगळी घराणी दीडशे वर्षांनी एका फलाटावर आली. फक्त अंजनगावावरून जाणारे रूळ आले नाहीत. गाडी मध्य रेल्वेची, गार्ड मध्य रेल्वेचा, तोटा मध्य रेल्वेचा, रूळ कंपनीचे. करार दर दहा वर्षांनी पुढं. स्वतंत्र भारत अजून इंग्रजांना या रेल्वेचं भाडं देतो, असं आपली वर्तमानपत्रं अधूनमधून छापतात, आणि आपल्यालाही ते वाचून एक गोड संताप येतो. पण किलिक-निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्याच हातात आली. गोऱ्या साहेबावर ढकलायची सोय तिथं संपते. दुसऱ्याच्या रुळांवर रेल्वेनं पैसे का घालावेत, आणि गाडी आपली नाही तर कंपनीनं रुळांची निगा का राखावी? घरमालक म्हणतो भाडेकरूनं कौलं शाकारावीत, भाडेकरू म्हणतो मालकानं. पाऊस दोघांचंही ऐकत नाही. गाडीचा वेग कमी कमी करत नेला, आणि २०१६ च्या सुमारास यवतमाळची गाडी थांबली, काही वर्षांत अचलपूरचीही. २०१६ मध्येच ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. त्यानंतर सत्याग्रह झाले, निवेदनं गेली. निजामानं १९३० साली जे केलं, मोबदला मोजा नि सातबारा आपल्या नावावर करा, ते पुढच्या कुठल्याच सरकारला इतकी वर्षं साधलं नव्हतं. रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. मूर्तिजापुराच्या दवाखान्यात जाणारी बाई दिल्लीच्या फलाटावरून दिसत नाही, एवढंच.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे सध्या बकऱ्याईची," ते म्हणाले.

सुभेदाराच्या कायद्यात हे अगदी बसत होतं. वापर बकऱ्यांचा, नूतनीकरण रोजचं. त्यानंही एक बाभळीचं खोड आधीच हुंगून सोडून दिलं होतं.

फाटकाशी आम्ही रूळ सोडले. फाटकाचा दांडा आभाळाकडं उभा होता, त्यावर वेल चढला होता. पांदण गाळाची निघाली आणि तिनं दोघांचे मिळून सहाही पाय काळे केले. पानमळ्यांत शिरल्यावर एकदम गार सावली. वेलींच्या रांगांमधून सुभेदार इतका दबकून चालला की जणू कुणाच्या देवघरातून चालला आहे. एस.टी. स्टँडावर मूर्तिजापूरची गाडी लागली होती. आत बायका दाटीनं उभ्या, एकीच्या पदराच्या टोकाला लिंबू. मी उगीचच त्या बाईचा चेहरा पाहून ठेवला.

घरी ताईनं आधी कुत्र्याचे पाय धुतले, मग मला चहा दिला. भाऊजी लग्नपत्रिका हातात घेऊन बसलेच होते.

"कुठवर गेलात?"

"फाटकापर्यंत."

"उघडं होतं की लावलेलं?"

"उघडं."

"म्हणजे गाडी गेलेली दिसते," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं.