रोगी बरा झाला, हें कोणी सांगावें ?

रोगी रुग्णालयांतून घरीं निघाला, कीं नोंदवहींत त्याच्या नांवापुढें ‘बरा झाला’ असा शेरा पडतो व वैद्याच्या लेखीं प्रकरण मिटतें. रोग्याची खरी परीक्षा मात्र तेथून पुढें सुरू होते. जिना चढतां येतो काय, रात्रीं झोंप लागते काय, पोटापाण्याचें काम पूर्ववत् जमतें काय, या प्रश्नांचीं उत्तरें त्या एका शेऱ्यांत सांपडत नाहींत. तीं वैद्यकाच्या हिशेबांत येण्यास फार काळ जावा लागला.

आरंभीं हा हिशेब मुख्यतः मृत्यूंचा होता. क्रिमियाच्या युद्धांत सैनिक जखमांपेक्षां रोगांनींच अधिक मेले, हें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५८ सालीं आंकड्यांनिशीं दाखवून दिलें. तें कार्य थोर खरें. परंतु जे जगले त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न उरलाच.

तो प्रश्न धिटाईनें विचारला बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन यांनीं. प्रत्येक रोग्याचें एक कार्ड ठेवावें. त्यावर तक्रार, निदान व उपचार नोंदवावे. एक वर्षानें गुण आला कीं नाहीं तें पाहावें, आणि आला नसल्यास कां आला नाहीं, हेंहि स्वच्छ लिहावें, असें त्यांचें म्हणणें होतें. १९११ सालीं त्यांनीं स्वतःचें लहानसें रुग्णालय काढलें. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी बाहेर पडले. त्यांच्या उपचारांत घडलेल्या १२३ चुका कॉडमन यांनीं आपण होऊन छापून प्रसिद्ध केल्या. इतरांनींहि तसेंच करावें, हा त्यांचा आग्रह मात्र कोणास रुचला नाहीं. १९१५ सालच्या एका वैद्यसभेंत त्यांनीं एक व्यंगचित्र उघडें केलें. वाळूंत डोकें खुपसून सोन्याचीं अंडीं देणारा शहामृग म्हणजे शहरांतील धनिक रोगी, आणि अंडीं वेंचणारे म्हणजे नामांकित वैद्य ! सभेंत गदारोळ उडाला व कॉडमन एकाकी पडले. १९४० सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्या थडग्यावर नांवाचा दगडहि बसला नाहीं. तो २०१४ सालीं बसला.

पुढें १९४९ सालीं न्यू यॉर्कच्या कार्नोफ्स्की व बर्चेनाल यांनीं रोग्याच्या हिंडण्याफिरण्यास व स्वावलंबनास शून्यापासून शंभरपर्यंत गुण देण्याची पद्धत घातली. मोजमाप आतां मृत्यूपासून जगण्याकडे वळलें. तथापि परीक्षक वैद्यच राहिला.

लेखणी रोग्याच्या हातीं आली ती त्यानंतर. १९८७ सालीं एकत्र आलेल्या युरोपीय संशोधकांच्या मंडळाची प्रश्नावली पुढें पांच बाबींवर स्थिरावली : चालणें, स्वतःचें आवरणें, नित्याचे व्यवहार, वेदना आणि चिंता-उदासी. उत्तरें रोग्यानेंच द्यावयाचीं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें २००९ पासून खुबा, गुडघा, अंतर्गळ व फुगलेल्या शिरा यांच्या शस्त्रक्रियांपूर्वीं व नंतर अशा प्रश्नावल्या भरून घेण्यास आरंभ केला. शेवटच्या दोन शस्त्रक्रियांपुरता हा प्रघात २०१७ सालीं थांबला.

रोग्याचें बोलणें म्हणजे केवळ मनाचे खेळ, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर न्यू यॉर्कच्या एका प्रयोगानें दिलें. तेथें वाढलेल्या कर्करोगाचे ७६६ रोगी निवडले. त्यांपैकीं कांहीं जणांनीं उलट्या, वेदना, थकवा यांची नोंद संगणकावर स्वतः करावी आणि त्रास वाढतांच परिचारिकेस सूचना जावी, अशी व्यवस्था होती. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें या गटांतील निम्मे रोगी ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. नेहमींच्या पद्धतीच्या गटांत हीच मर्यादा २६ महिने होती. औषधांइतकेंच रोग्याचें म्हणणें वेळेवर ऐकण्यासहि मोल आहे, हें येथें आंकड्यांनींच सिद्ध झालें.

नाडी वैद्यानें पाहावी, रक्त यंत्रानें तपासावें. परंतु बरें वाटतें कीं नाहीं, याची साक्ष एकट्या रोग्यापाशीं असते. ती न घेतां दिलेला निकाल एकतर्फीच म्हणावा लागेल.