बीडचे पाणी आणि गांडुळाचे दफ्तर

बालाघाटाच्या पठारावर आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेल्या बीडच्या मुलखाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास राजवटींच्या आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो; कारण यादवांच्या अमदानीपासून निजामशाही, मोगलाई आणि हैदराबादची आसफजाही यांच्यापर्यंत ज्याने ज्याने येथे महसूल वसूल केला, त्याची जमाबंदी अखेर विहीर, बारव, तळे आणि पाट यांच्यावरच उभी होती. कंकालेश्वराचे देऊळ ज्यांनी जलाशयाच्या ऐन मध्यावर बांधले, त्यांनी पाण्याला देवळाचे जोतेच करून टाकले. त्यानंतर सन 1582च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, येथील जहागीरदार सलाबतखान याने शहराच्या दक्षिणेस खजाना बावडी बांधविली. तिची आखणी राजा भास्कर नावाच्या स्थापत्यविशारदाची मानली जाते. बोगद्यातून पाणी विहिरीत आणावे आणि पुढे बोगद्यानेच, ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवून, मोटेवाचून शेतापर्यंत न्यावे, ही तिची रचना. मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर आणली ती यानंतर कित्येक वर्षांनी, हे औरंगाबादकरांना चुकूनही आठवत नाही.

या पाण्याखाली भिजलेली जमीन बागायत म्हणून दफ्तरात चढली, तिच्यावरचा सारा चढला, कुळांची नावे चढली. परंतु त्याच ओल्या मातीत जे जीव वसतीस होते त्यांची नोंद कोणत्याही अव्वल कारकुनाने केली नाही, आणि ती त्याने करावी अशी अपेक्षाही नव्हती. राक्षसभुवनच्या गंगथडीत 1763 साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला, त्या लढाईचे वर्णन आपल्याकडे आहे. ज्या गाळात घोडी रुतली असतील त्या गाळाचे मात्र नाही. भोयाने गळाला लावण्यापुरते, शेतकऱ्याने कुदळीच्या घावाखाली आले तर तेवढ्यापुरते, एवढीच गांडुळाची आणि आमच्या समाजाची ओळख.

त्याचे दफ्तर लिहिले गेले ते दूर देशी. ज्या जलचर-भूचर गांडुळाविषयी मी येथे लिहीत आहे, त्याचे कुल (जीनस) डच ईस्ट इंडीजमधून माक्स वेबर याने आणलेल्या नमुन्यांवरून होर्स्ट याने 1889 साली स्थापिले आणि त्यास ग्लिफिड्रिलस हे नाव दिले. पुढच्याच वर्षी रोसा या इटालियन पंडिताने ब्रह्मदेशातील अशाच प्राण्यास बिलिम्बा म्हणून निराळे कुल कल्पिले, आणि एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत तसा प्रकार झाला. प्राणिशास्त्राच्या कायद्यात आधीची नोंद श्रेष्ठ, या न्यायाने बिलिम्बा पुढे रद्द ठरून फेरफार पडला. हँबर्गचा विल्हेल्म मिखाएलसेन याने 1910 साली भारतातील एका जातीस अन्नांडेलाय हे नाव दिले. ज्यांच्या सन्मानार्थ ते दिले, ते नेल्सन अन्नांडेल तेव्हा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक होते आणि 1916 साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. त्याच 1916 साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील जॉन स्टीफन्सन यांनी ट्यूबरोसस ही जात वर्णिली. हे गृहस्थ मूळचे लष्करी वैद्यकसेवेतले. 1923 साली त्यांनी हिंदुस्थानातील गांडुळांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावाचून आजही या विषयात पाऊल टाकता येत नाही. गांडूळतज्ज्ञ गेट्स यांची गँजेटिकस जात 1958 सालची. या कुलाचे घराणेही (फॅमिली) एकदा बदलले : मिखाएलसेन-स्टीफन्सन यांच्या काळी ते ग्लॉसोस्कोलेसिडी या घराण्यात मोडत असे, आता ते आल्मिडी या घराण्यात, आफ्रिकेतील आल्मा या पाणथळ गांडुळाच्या भाऊबंदकीत, लावतात.

आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या ज्याचे विच्छेदन झाले, ते गांडूळ वेगळे. कर्म नारायण बहल यांनी लखनौहून 1926 साली फेरेटिमावर प्रबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून भारतातील विद्यार्थ्याच्या मनात गांडूळ म्हणजे फेरेटिमा हे समीकरण पक्के झाले. त्या फेरेटिमाच्या बहुतेक वलयांभोवती रोमांची अखंड माळ असते, पाठीवर वलयांच्या सांध्यांत रंध्रे असतात आणि चौदाव्या ते सोळाव्या वलयांवर मेखला अंगठीसारखी बसलेली असते. ग्लिफिड्रिलस हाती घेतला तर यांपैकी एकही खूण सापडत नाही. त्याचे रोम प्रत्येक वलयास आठच, जोडीजोडीने बसविलेले. पाठीवर रंध्रे नाहीत. आणि मेखला कितीतरी लांब, पुष्कळ मागेपर्यंत गेलेली. देहाचा पुढचा भाग इतर गांडुळांसारखा गोल, परंतु मागचा भाग स्पष्टपणे चौकोनी, बोटांत फिरविला तर चारही कोपरे जाणवतात, आणि रोमांच्या जोड्या नेमक्या त्या कोपऱ्यांवर. गुदद्वार शेपटीच्या टोकास नसून पाठीकडे वळलेले. चिखलात डोके खाली घालून बसणाऱ्या आणि शेपूट वर पाण्याशी ठेवणाऱ्या प्राण्यास हीच रचना सोयीची. कारण त्यास कल्ले नाहीत, आणि शेपटीच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या त्वचेतूनच बराचसा प्राणवायू मिळवावा लागतो.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे त्याचे पंख. प्रौढ झालेल्या ग्लिफिड्रिलसच्या मेखलेच्या दोन्ही अंगांस, पोटाच्या बाजूला, त्वचेच्या लांबट झालरी वाढतात. त्या कितव्या वलयापासून कितव्या वलयापर्यंत गेल्या आहेत आणि त्यांच्या आसपास जननउंचवटे कोठे कोठे आहेत, यावरून मुख्यतः जात ठरते. म्हणून बाल्यावस्थेतील नमुना कितीही जपून आणला तरी शास्त्रज्ञापुढे तो निरुपयोगी. दाखला आहे पण शिक्का नाही, अशी त्याची अवस्था होते. आत पाहावे तर पुढच्या वलयांत लहानशी पेषणी, आणि फेरेटिमाच्या मोजक्या चार जोड्यांऐवजी शुक्रधान्या इतक्या बारीक आणि एकेका वलयात इतक्या अनेक की, नवशिका त्यांना मातीचे कण समजून पुसून टाकील.

पूर्व आफ्रिकेपासून भारत, ब्रह्मदेश आणि सयामातून इंडोनेशियापर्यंत हे कुल पसरलेले आहे. थायलंडच्या नद्यांच्या काठांवरून 2013 साली एकाच अभ्यासात त्याच्या अनेक नव्या जाती वर्णिल्या गेल्या. त्याची आवड ठरलेली : सतत ओली राहणारी कड, मग ती ओढ्याची असो, तळ्याची असो वा भातखाचराची. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेथे अशी कड निसर्गाने थोडी आणि माणसाने अधिक निर्माण केली आहे, असे माझे मत आहे. खजाना बावडीचा पाट, कंकालेश्वराच्या तळ्याचा काठ, गोदेची गंगथडी आणि पैठणच्या उजव्या कालव्यालगत गेवराई-माजलगावकडे चिबड झालेली राने, हे सगळे त्याचे संभाव्य मुक्काम. आणि चिबड म्हणून जे रान शेतकरी शिव्या देऊन सोडतो, ते प्राणिशास्त्रज्ञाला मोलाचे.

बीड, अंबाजोगाई आणि माजलगावच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की, पावसाळा सरल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ देऊन त्यांना पाटाच्या कडेला न्यावे, पंख फुटलेले प्रौढ नमुनेच निवडावेत, पातळ मद्यार्कात ते शिथिल करून मग फॉर्मॅलिनमध्ये टिकवावेत, आणि प्रत्येक बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी, जिच्यावर गावाचे नाव, पाण्याचे नाव आणि तारीख असेल.