थंडाव्याची वाटणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत अहवाल, पाककृती आणि कविता यांच्या जोडीला एखादा इतिहासविषयक लेखही असावा, अशी संपादक-भगिनींची सूचना आली. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु माणसाने उन्हाळा कसा काढला, गारवा कोठून मिळविला आणि तो कोणाच्या वाट्यास गेला, हाही इतिहासच होय. शिवाय मंडळाच्या खोलीसाठी वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण ज्याला एसी म्हणतो ते, घ्यावे काय आणि घेतल्यास कोणते घ्यावे, हा प्रश्न यंदा आपल्यापुढे आहेच. तेव्हा मागे काय घडले ते पाहून मग पुढचे ठरवावे, हे बरे.

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडचा उन्हाळा काही नवा नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि नवतपा लागला की दुपारी सडकेवर चिटपाखरू दिसत नाही. अशा उन्हात आपल्या आज्या-पणज्या राहिल्या त्या घराच्या बांधणीच्या आधाराने. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, कवेलूखाली बांबू-मातीचा माळा, पुढे छपरी, आणि अंगणात हिरव्या डहाळ्यांचा मांडव. मातीची भिंत दिवसभर ऊन सोसते, पण ती उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर माणसे अंगणात आलेली असतात. जुने घर हेच एक यंत्र होते. त्याला वीज लागत नव्हती. मात्र याही घरात गारवा सर्वांना सारखा मिळत होता, असे म्हणवत नाही. दुपारी माजघराच्या गार भुईवर पाठ टेकणारी माणसे वेगळी आणि चुलीपुढे बसणारी बाई वेगळी.

पुढची पायरी ताटीची. ताटी हा शब्द आपल्याला मुक्ताबाईच्या अभंगांमुळे ठाऊक आहे. ती दाराला लावावयाची झडप. हीच ताटी वाळ्याच्या मुळांची करून दारात उभी केली आणि तिच्यावर पाणी शिंपडले, म्हणजे बाहेरची झळ तीतून गार व सुगंधी होऊन आत येते. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते, एवढेच यामागचे शास्त्र. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. अकबराच्या दरबारी वाळ्याच्या ताट्या होत्या आणि पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत, असे अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदविले आहे. इंग्रज आले तेव्हा त्यांनी ताटीला पंख्याची जोड दिली. एका मोठ्या लाकडी पेटीच्या बाजूंना वाळा लावावयाचा आणि आतील पंखा हाताने फिरवून गार हवा खोलीत ढकलावयाची. आपल्या आजच्या कूलरचा हा पूर्वज. छताला टांगलेला कापडी पंखाही त्याच काळी कचेऱ्यांतून व बंगल्यांतून सर्रास दिसे. त्याची दोरी भिंतीतून बाहेर जाई आणि ती ओढणारा माणूस व्हरांड्यात उकाड्यात बसलेला असे. साहेबाच्या गारव्याची किंमत अशी बाहेरचा कोणी तरी मोजीत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर बर्फ आला, तोही सातासमुद्रांपलीकडून. अमेरिकेतील बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 साली तळ्यांतला बर्फ जहाजात भरून, लाकडाच्या भुशात दाबून, कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासात बराचसा वितळला. तरी उरला तो पाहण्यास गर्दी लोटली. तो साठविण्यासाठी तेथील इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर उभारले. वर्गणी काढून थंडावा आणण्याची कल्पना काही आपल्या मंडळाला प्रथम सुचलेली नाही, एवढाच याचा अर्थ!

या बर्फाच्या काळातील एक गृहस्थ आपल्या विशेष कामाचे आहेत. फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गोरी हे तापाच्या रुग्णांच्या खोलीत बर्फाचे पात्र छतापाशी टांगीत असत. थंड हवा जड असते, ती खाली उतरते, म्हणून तिचा उगम उंचावर हवा, हे त्यांनी ओळखले होते. बर्फ मिळण्याची पंचाईत होऊ लागली तेव्हा त्यांनी बर्फ करण्याचे यंत्रच योजले आणि 1851 साली त्याचे पेटंट मिळविले. यंत्राला गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही. 1855 साली ते विपन्नावस्थेतच वारले. एसी आज भिंतीवर उंच बसवितात, त्याच्या मागे या डॉक्टरांचे टांगलेले पात्र आहे.

एसीच्या दुकानात ‘एक टन’, ‘दीड टन’ असे ऐकू येते, तोही बर्फाच्याच दिवसांचा अवशेष. हे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्या वेळात खोलीबाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. तासाला सुमारे 38 किलो बर्फ खोलीत ठेवल्यासारखे ते होते. विजेच्या भाषेत हेच माप सुमारे साडेतीन किलोवॅट.

खरे वातानुकूलन जन्मले ते माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने 1902 साली हवेतील ओलावा आवरणारी योजना आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव 1906 साली स्टुअर्ट क्रेमर यांनी दिले, तेही कापडगिरण्यांच्या संदर्भात. आपल्याजवळचे उदाहरण नागपूरच्या एम्प्रेस मिलचे. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या या गिरणीत, जी आता बंद पडली आहे, कोरड्या हवेने सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडणारी साधने बसविली होती. ब्रुकलिनला ओलावा काढावा लागला, नागपूरला घालावा लागला. दोन्हीकडे काळजी मालाची होती. माणसांचा विचार पुढे झाला, आणि तोही आधी तिकीट काढणाऱ्यांचा. मुंबईचे रीगल चित्रपटगृह 1933 साली उघडले ते वातानुकूलित होते. फ्रंटियर मेलला 1934 साली वातानुकूलित डबा लागला. त्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवीत आणि वाटेतल्या स्टेशनांवर त्या बदलीत.

आपल्या देशात ब्लू स्टार कंपनी 1943 साली आणि व्होल्टास 1954 साली स्थापन झाली. तरीही पुष्कळ वर्षे ही वस्तू कचेऱ्या, बँका आणि दवाखाने यांचीच राहिली. विदर्भाने आपला मार्ग कूलरने काढला, आणि तो शहाणपणाचा होता. कोरड्या उन्हाळ्यात थोड्या विजेवर कूलर उत्तम काम देतो. पण मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की त्याचे काही चालत नाही. ओल्या हवेत पाणी वाळत नाही आणि वाळल्यावाचून गारवा नाही. भोवती तळी आणि धानाच्या बांध्या असलेल्या आपल्या तालुक्यात पावसाळ्यातला घामट उकाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. एसीचा प्रश्न खरोखर निघतो तो येथे.

आता आपल्या खोलीकडे वळू. ती एका हाताने, एका वेळी बांधलेली नाही. मूळ खोली 18 फूट लांब व 12 फूट रुंद. पुढे छपरी बुजवून तिला काटकोनात 10 फूट लांब-रुंद असा दुसरा भाग जोडला गेला. सभा, हळदीकुंकू आणि व्याख्याने मूळ खोलीत होतात. तिला खिडक्या आहेत, कूलर आहे. वळणापलीकडच्या भागात शिलाईचा वर्ग चालतो. तेथे खिडकी नाही, वर पत्रा आहे, आणि पंखा जोरात लावला तर कापड उडते. सभा महिन्यातून एकदा, संध्याकाळी. शिलाईच्या आठ-दहा जणी मात्र रोज भर दुपारी चार तास बसतात, आणि त्यावर त्यांच्या घरची मीठ-मिरची चालते.

दोन टनाचे एक मोठे यंत्र घेऊन ते व्यासपीठावरील भिंतीवर बसवावे, अशी एक सूचना आहे. पाहुण्यांच्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण त्या यंत्राचा झोत सरळ जाईल. काटकोनात वळणे हा त्याचा धर्म नव्हे. पुढे बसलेल्या आजीबाई शाल ओढतील आणि वळणापलीकडे मशीन चालविणारी घाम पुशीत राहील. शिवाय बेताहून मोठे यंत्र खोली झटकन गार करते आणि थांबते. तेवढ्या अवधीत हवेतला ओलावा निघत नाही, अंगाची चिकचिक तशीच राहते. इन्व्हर्टर पद्धतीची नवी यंत्रे गती कमी करून चालू राहतात, तेणेकरून हा दोष बराच कमी होतो. पण भिंत आड आली तर तीही काय करणार?

यावर उत्तर शोधण्यास अमेरिकेला जावयास नको; ते आपल्या तळ्यांच्या पाळीवर आहे. शेजारच्या नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. कोहळी मंडळींनी आणि मालगुजारांनी बांधलेल्या अशा तळ्यांवर या मुलखाचा धान पोसला. मालगुजारी 1951 साली गेली, तळी ‘मामा तलाव’ म्हणून उरली. तळ्याखाली शेती करणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट ठाऊक असते: पाळीजवळची बांधी आपोआप भिजते, खरी परीक्षा असते ती टोकाच्या बांधीची. तिच्यापर्यंत पाणी पोचले, तर वाटणी झाली. नाही तर तळे तुडुंब असूनही टोकाचा धान वाळतो. थंड हवाही पाण्यासारखीच आहे. ती खाली उतरते, सखल जागी साचते आणि पाट काढून दिल्यावाचून वळत नाही.

हाच न्याय खोलीस लावला तर हिशेब सोपा होतो. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅटचा जुना दिवा देई तेवढी उष्णता निघते. सभेस तीस भगिनी जमल्या की तीस दिवे लागले. म्हणजे केवळ आपल्याला गार करण्यासच जवळजवळ एक टन हवा, खोली आणि छत वेगळेच. पुऱ्या जागेला यास्तव दोन यंत्रे लागतील: मूळ खोलीस दीड टन आणि वळणाच्या भागास एक टन. शिलाईच्या भागात दहा जणी म्हणजे एक किलोवॅट. उरलेली शक्ती पत्र्याच्या झळीला पुरी पडावी. यंदा पैसे एकाच यंत्रापुरते असतील, तर ते एक टनाचे घ्यावे आणि टोकाच्या बांधीला, म्हणजे शिलाईच्या भागात बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मधल्या उघड्या जागेत जाड पडदा लावावा. सभेच्या संध्याकाळी कूलर आहेच; पावसाळ्यातली एखादी सभा घामात झाली तर ती सोसता येईल. पाहुणे तासाभराने जातात, शिवणारी उद्याही येते.

खरेदीपूर्वी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पत्र्याखाली छत घालून घ्यावे, व पत्र्यास वरून पांढरा रंग द्यावा. त्याने यंत्राचे काम निम्म्यावर नाही आले तरी पुष्कळ हलके होते. विजेची बचत दाखविणाऱ्या तारका 2006 सालापासून सुरू झाल्या आहेत. रोज चार तास चालणाऱ्या यंत्राला त्या जास्त असलेल्या बऱ्या. एक टनाचे यंत्र पुऱ्या जोराने चालले तरी तासाला सुमारे एक युनिट घेते. त्यासाठी स्वतंत्र तार आणि नीट अर्थिंग पाहिजे. 2020 सालापासून नवी यंत्रे सुरू करताच 24 अंशांवर लागतात. आपण 26 वर ठेवून पंखा मंद फिरवावा. दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि गुडघे दुखणाऱ्यांचीही तक्रार राहत नाही. फुकट मिळते म्हणून कोणाचे फार जुने यंत्र आणू नये. त्या काळच्या काही वायूंनी ओझोनच्या थराला इजा होते, आणि त्यांस आळा घालणारा करार 1987 साली माँट्रियल येथे झाला आहे.

शेवटची गोष्ट बाहेरच्या पेटीची. एसी थंडी निर्माण करीत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती पेटी मागच्या बोळात लावली तर गरम वारा शेजारच्या घराच्या चुलीपाशी जाईल. पूर्वी पंख्याची दोरी ओढणारा व्हरांड्यात बसे. आता शेजारची बाई आपल्या गारव्याची किंमत मोजील. म्हणून पेटी उंच, मोकळ्या हवेत, सडकेच्या बाजूस लावावी, मग नळी दोन हात लांब घ्यावी लागली तरी चालेल.

असो. ताटीपासून एसीपर्यंत साधने बदलली, परंतु प्रश्न एकच राहिला आहे: गारवा कोणापासून मोजावयाचा, पाळीपासून की टोकापासून? आपल्या वडीलधाऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. येत्या सभेत भगिनींनी वर्गणीचा आकडा ठरविण्यापूर्वी एकदा भर दुपारी शिलाईच्या वर्गात अर्धा तास बसून यावे, एवढीच विनंती.