अंगणात भरलेली शाळा



दोन वर्षांपूर्वी पालकसभेत एका गृहस्थांनी उभे राहून मला विचारले, "सर, माझा मुलगा रोज घरी येऊन सांगतो, आज चिंचोके मोजले, आज पाने गोळा केली. मग तो अभ्यास केव्हा करतो?" सभेत हशा पिकला. मीही हसलो, पण मला धड उत्तर देता आले नाही. ते गृहस्थ भिवंडीला यंत्रमागावर काम करतात आणि रात्रपाळी आटोपून सभेला आले होते. त्यांच्या प्रश्नात थट्टा नव्हती, काळजी होती. मी पडलो इतिहासाचा पदवीधर. उत्तर शोधायला निघालो तो इतिहासाकडेच वळलो, आणि उत्तर सापडले ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात.

जुन्या ठाणे जिल्ह्यात, असे म्हणायला हवे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला आणि डहाणू तालुका तिकडे गेला. त्या तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. १९४५ साली तेथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात. बाईंनी मुंबई सोडून खेडे गाठले.

ताराबाई काही नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, त्यात या दोघांचा पुढाकार होता. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. या सर्व कामाला आधार होता तो इटलीच्या मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा. मुलाने हाताने वस्तू हाताळाव्यात, स्वतः चूक शोधावी, शिक्षकाने फार बोलू नये, अशी ती पद्धत. पद्धत उत्तम, पण तिची लाकडी साधने महाग. मुंबईच्या सुखवस्तू घरांतील मुलांना ती परवडत. मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांचे काय?

बोर्डीत या प्रश्नाचे उत्तर हळूहळू तयार झाले. रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू आले. लहान-मोठे, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे सारे मुलांना शिंपल्यांवरून कळू शकते. त्यासाठी परदेशी पेटी उघडावी लागत नाही. समुद्रकिनारा हेच साधनांचे कपाट झाले.

साधने मिळाली, पण मुले येईनात. आदिवासी पाड्यावरचे मूल घरातील धाकट्या भावंडाला सांभाळते, गुरे वळते. त्याला ठराविक वेळी शाळेत बोलावणे म्हणजे घरच्यांना त्याचे काम सोडायला सांगणे. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातील एखाद्याच्या अंगणात बालवाडी भरू लागली. आधी मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, खेळ आणि मोजणी. अंगणात भरते म्हणून तिला अंगणवाडी म्हटले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि त्या योजनेतील केंद्रांना हेच नाव मिळाले. आज प्रत्येक मोहल्ल्यात जो शब्द आपण सहज उच्चारतो, तो आपल्या भागातील अंगणात वाढलेला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे विकासवाडी उभी राहिली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना जोडलेली होती. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरली बहीण शाळेत बसू शकते, इतका साधा विचार. आणि जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरे चरतात तेथेच शिक्षक जाई आणि शिकवी. मला स्वतःला या सर्व कामात कुरणशाळा फार मोठी वाटते. आपण मूल गैरहजर म्हणून हजेरीपटावर खूण करतो आणि पुढचे नाव पुकारतो!

आता या दोघींविषयी. अनुताईंना लहान वयातच वैधव्य आले. त्या शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाईंकडे आल्या. वयात अठरा वर्षांचे अंतर. तरीही १९७३ साली ताराबाईंचे निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, दोघी एकत्र राबल्या. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, ते काम चालवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. थोरल्या बाई गेल्यावर काम थांबले नाही, कारण ते एकटीच्या डोक्यात कुलूप लावून ठेवलेले नव्हते.

येथे आणखी एक नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झाले ते. ख्वाजा गुलाम सैयदैन आणि विनोबा भावे हे दोघेही त्या समितीत होते. सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामाला जोडून द्यावे, असे तिने सांगितले. सूत कातताना गणित यावे, कापसाच्या निमित्ताने भूगोल यावा. आता विचार करा, गणिताच्या मास्तरांना भूगोलाच्या मास्तरांशी बोलल्याशिवाय हे जमणार आहे काय?

आम्हा शिक्षकांचे घोडे नेमके येथेच पेंड खाते. माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गाचे दार लावून शिकवीत असे. शेजारच्या वर्गात बाई चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून हातच्याची बेरीज शिकवीत. मला तो गोंगाट वाटे. पुढे त्याच मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. सत्तेचाळीस आणि पंचवीस यांच्या बेरजेत हातचा एक म्हणजे एक नव्हे तर दहा, हे त्यांना मी न सांगता ठाऊक होते. आधीच्या तुकडीला मी ते महिनाभर घोकून घेतले होते. मला लाज वाटली, आणि मी बाईंना म्हटले, "मला तुमच्या तासाला मागे बसू द्या."

आमच्या इमारतीत मराठी आणि उर्दू अशी दोन माध्यमे होती, साधनांची दोन कपाटे होती आणि दोन्हींना कुलपे होती. चिंचोक्याला कुठले आले माध्यम! आता कपाट एकच आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर बसतो. कुणाचा पाठ फसला, हे आधी सांगायचे, असा नियम आहे. पहिल्या दोन शनिवारी कुणीच तोंड उघडले नव्हते.

हे सारे मी त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांना पुढच्या सभेत सांगितले. ढीग करून बेरीजही दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. दोन दिवसांनी मुलाबरोबर त्यांनी कारखान्यातील सुताच्या रिकाम्या कांड्यांची पिशवी पाठवली. दहा-दहाच्या जुड्या बांधायला त्या चिंचोक्यांपेक्षा सोयीच्या पडतात, हरवतही नाहीत. पिशवीत चिठ्ठी होती: "मास्तरसाहेब, आणखी लागल्या तर कळवा. आणि पाचवीच्या स्कॉलरशिपची तयारी कधी सुरू करणार, तेही कळवा."