छत नसलेले चित्रगृह

मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे पहिले ड्राइव्ह-इन चित्रगृह १९३३ साली अमेरिकेतील कॅम्डन येथे सुरू झाले. मुंबईत वांद्रे पूर्वेलाही असे चित्रगृह होते. २००३ साली ते बंद पडले. चित्रगृहांच्या ऱ्हासाबद्दल आपण दूरचित्रवाणीला दोष देऊन मोकळे होतो. येथे मात्र जमिनीचाही विचार करावा लागतो. ड्राइव्ह-इनला इमारत लागत नाही, मोकळी जागा अफाट लागते. आणि शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल वाढत असता तेवढी जागा केवळ पडद्यासाठी राखणे मुंबईला परवडणारे नव्हते. २०२१ साली त्याच परिसरात ड्राइव्ह-इन पुन्हा आले, पण मॉलच्या गच्चीवर. एरवी चित्रगृह बंद पडले तरी निदान भिंती उरतात. भिंतीच नसलेल्या या चित्रगृहाची नोंद म्हणूनच आम्हांस अगत्याची वाटते.