एका गोष्टीची तबकडी

भाचा गेल्या दिवाळीत पाचोऱ्याला आला तो गिटार घेऊनच. पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो. म्हणजे गिटारींचा दणदणाट असतो, गाणी दहा-दहा मिनिटं चालतात आणि ताल मध्येच मात्रा बदलतो. सात मात्रांचा एक तुकडा त्यानं ऐकवला तेव्हा मी म्हटलं, अरे, हा रूपकाइतकाच की. आतल्या खोलीतून बहीण ओरडली, "हाऊ पोऱ्या काब्र बोंबली ऱ्हायना?"

फराळ झाल्यावर तो म्हणाला, "मामा, आमचा कन्सेप्ट अल्बम येतोय. विषय आहे पीजे. तुम्ही मला गोष्ट सांगा."

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची, 56 किलोमीटरची गाडी. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. मार्च 2020च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. आता ब्रॉडगेजची भाषा आहे. पोरानं विषय चांगला धरला होता. पण कन्सेप्ट अल्बम म्हणजे नेमकं काय, हे मला आधी समजून घ्यायचं होतं. मी इतिहासाचा मास्तर. नव्या गोष्टीचा जुना पत्ता शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हा पत्ता तबकडीच्या लांबीत सापडतो. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गाणंही तेवढंच. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं 33 फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची सलग जागा मिळाली. त्या जागेत काय भरायचं, हा नवा प्रश्न होता. फ्रँक सिनात्रानं एप्रिल 1955मध्ये उत्तररात्रीच्या एकटेपणाची गाणी एकाच तबकडीवर एका सुरात मांडली. पुढे 1969मध्ये 'द हू'चा 'टॉमी', 1979मध्ये पिंक फ्लॉइडची 'द वॉल', आणि 1999मध्ये ड्रीम थिएटरनं संमोहनात गेलेल्या माणसाला दिसणाऱ्या 1928 सालच्या खुनाची कथा सत्त्याहत्तर मिनिटं वाजवली. भाच्याच्या मंडळींचा हा शेवटचा अल्बम म्हणजे पोथीच.

सिनात्राची तबकडी आली त्याच महिन्याच्या 1 तारखेला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं होतं. योगायोगच, दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण मला हा योगायोग सोडवत नाही. सीताकांत लाडांनी गदिमांकडे काम सोपवलं, चाली सुधीर फडक्यांनी दिल्या, आणि दर शुक्रवारी एक नवं गाणं येत गेलं. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे बावन्नची छप्पन्न झाली. एक कथा, एक कवी, एक संगीतकार. पात्रं मात्र वेगवेगळ्या गळ्यांची, राम फडक्यांचा, सीता माणिक वर्मांची. आणि सगळं कुश-लवांच्या तोंडून, खुद्द रामासमोर. गोष्टीच्या आत गोष्ट सांगणारा बसवायचा ही युक्ती लंडनच्या रॉकवाल्यांना सुचायच्या आधीची आहे.

गीतरामायणाला तबकडीच्या लांबीची अडचण नव्हती. त्याला आठवड्याची होती. कैकेयीचा प्रसंग टाळून पुढे लंकेत जाण्याची सोय श्रोत्याला नव्हती, शुक्रवारची वाट बघणं भाग होतं. गाण्यांचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येत, लोक ते कापून ठेवत. क्रम हाच त्याचा प्राण होता. आज आपण त्यातली चार-पाच गाणी सुटी म्हणतो आणि गीतरामायण ऐकलं असं समजतो. मीसुद्धा.

आमच्याकडे तर त्याही आधीपासून हे चालत आलेलं आहे. कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग फोडायचा आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावायचं. श्रावणात कानबाईच्या रात्री बाया अहिराणीत गाणी धरतात ती उजाडेपर्यंत. ऐकणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते. काय होणार याची उत्सुकता नसते, कसं होणार याची असते.

हाच धागा मला एका मेटल बँडमध्ये सापडला, तोही मुंबईच्या. 'डेमॉनिक रिसरेक्शन' हा साहिल मखिजाचा 2000 सालचा बँड. (हाच माणूस यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवतो, हे कळल्यावर बहिणीचं त्याच्याबद्दलचं मत एकदम सुधारलं.) 2017मध्ये त्यांनी 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. दहा अवतार, दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत ओळीनं. नवव्या जागी बुद्ध. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत तिथे पुष्कळदा विठोबा उभा असतो. शब्द इंग्रजी आणि गाणं बरंचसं गुरगुरण्यातलं, छापील शब्द हातात नसतील तर अर्धं कळत नाही. तरी नरसिंहाच्या गाण्यात मी कुठे आहे हे मला समजत होतं. खांब फुटणार हे मला लहानपणापासून माहीत आहे.

'टॉमी'चं तसं नाही. ती कथा घडवलेली आहे, आणि नुसतं ऐकून ती किती जणांना लागली असेल याची मला शंका आहे. मॅस्टोडन या अमेरिकन बँडनं 2004मध्ये 'मोबी डिक' कादंबरीवर अल्बम केला तेव्हा त्यांनी आपल्या कीर्तनकारांचाच मार्ग धरला, माहीत असलेला देवमासा घेतला. याउलट मुंबईच्याच 'कोशिश'नं 2013च्या 'फिरदौस' या हिंदी अल्बममध्ये गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून दिला. खरा क्रम श्रोत्यानं शोधायचा. गंमत म्हणून ठीक. पण क्रम हेच कोडं ठरावं, इतकं सलग ऐकणं दुर्मिळ झालं होतं असंही त्यातून दिसतं.

मी भाच्याला हीच अडचण सांगितली. "पीजे तुझ्या श्रोत्याला माहीत नाही रे. जामनेरच्या म्हातारीला माहीत आहे, पण ती तुझं ऐकणार नाही. आणि ज्याला गोष्ट माहीत नाही, त्याला तू गुरगुरून सांगणार."

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला की बँडमध्ये आधीच भांडण चालू आहे. दोघांचं म्हणणं, सात स्टेशनांची सात गाणी महिन्याला एक अशी मोबाइलवर सोडावीत, हल्ली तसंच चालतं. त्याला मात्र अडतीस मिनिटांचा एकच सलग तुकडा हवाय, मधे थांबा नाही, पुढे सरकवलं तर तुटेल असा.

मी म्हटलं, गीतरामायण आठवड्याला एकच गाणं द्यायचं, तरी क्रम मोडला नाही. सुटं देणं हा गुन्हा नाही. मधला आठवडा लोकांनी वाट बघत काढला पाहिजे, एवढंच.

"आता कोण वाट बघतं, मामा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीजेसाठी आम्ही फलाटावर तासन् तास बसायचो ते काही हौसेनं नव्हे. दुसरं स्वस्तातलं साधन नव्हतं म्हणून. एस.टी. वाढल्या, वडाप आले, तसा डबा रिकामा होत गेला. गाडी गेल्यावर हळहळणाऱ्यांत मीही आहे, आणि शेवटच्या दहा वर्षांत तिच्यात दोनदा बसलो असेन.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं वही काढली. म्हणाला, हे चालेल, हे कोणालाही कळेल, पीजे माहीत नसली तरी. मग विचारलं, गाडी कुठून सोडू? पाचोऱ्याहून की जामनेरहून?

मी म्हटलं, जामनेरहून. पाचोऱ्याला मोठ्या गाडीचा रूळ भेटतो आणि लोक उतरून मुंबईकडे निघून जातात.

त्यानं वहीत उलट्या क्रमानं नावं लिहायला घेतली. भागदऱ्याला थांबून विचारलं, "इथे कोण चढायचं?"